फळ्यावरचा तिसरा प्रश्न

प्रिय चिमणे,

'प्रिय' लिहिलंय ते हाताच्या सवयीनं. त्यावरून काही गैरसमज करून घेऊ नकोस. मी चिडलेली आहे. इतकी की काल तुझे बाबा चहा जरा गोड झालाय एवढंच म्हणाले, तर मी म्हटलं, मग लेकीला कळवा, ती त्यावर व्हिडिओ काढेल. बिचारे कप उचलून बाल्कनीत जाऊन बसले. या वेळी फोन केला नाही याचं कारण साधं आहे. फोनवर मी ओरडले असते, तू 'आई, शांत हो' म्हणाली असतीस, आणि ते वाक्य ऐकून आजवर या जगात कुणीही शांत झालेलं नाही. मेसेज केला असता तर तू त्याच्याखाली एक लाल बदाम चिकटवला असतास आणि तुझ्या लेखी विषय संपला असता. कागदाला बदाम चिकटत नाही. तेव्हा बस, आणि शेवटपर्यंत वाच.

आमचा वर्ग कसा चालतो हे तुला सांगायची खरं तर गरज नाही, पण सांगते, कारण तू ते विसरली आहेस असं दिसतंय. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली अजून तशीच आहे. जिना तसाच अंधारा, फळ्याचा कोपरा तसाच उडालेला, आणि खुर्च्यांत एक दुसरीसारखी नाही. गुरुवारी संध्याकाळी कामं आटपून माणसं वर येतात. इंग्रजी सगळे शाळेत शिकलेत. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, असं घोकून घोकून पाठ झालंय. 'फाइन' म्हणजे छान, हे आमच्या कुरियरवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण तो एका दारात उशिरा पोचला, दार उघडणाऱ्या बाई त्याला 'फाइन' म्हणाल्या, तो हसून 'थँक्यू' म्हणाला, आणि संध्याकाळी त्याच्या साहेबाकडे तक्रार हजर. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, बाई, छान म्हणून गेल्या आणि माझी वाट लावली, हे कुठलं इंग्रजी?

ते इंग्रजी मी शिकवते. म्हणजे मी कसली शिकवते, तेच एकमेकांना शिकवतात, मी खडू धरते. प्रत्येकानं आठवड्यातून एक वाक्य आणायचं, पुस्तकातलं नाही, कानानं ऐकलेलं. ते फळ्यावर लिहायचं आणि त्याखाली तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. कोण म्हणालं? कुणाला म्हणालं? नंतर काय झालं? तिसऱ्याचं उत्तर येईपर्यंत अर्थाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. दातांच्या दवाखान्यात काम करते ती पोरगी 'यू विल फील अ लिटल प्रेशर' घेऊन आली होती. कोण म्हणालं, डॉक्टर. कुणाला, पेशंटला. नंतर काय झालं, पेशंटनं माझ्या हातात नखं रुतवली. त्या दिवशी वर्ग इतका हसला की खालचा सायकलवाला पाना हातात घेऊन वर बघायला आला.

आणि शेवटचा नियम. ज्यानं वाक्य आणलं त्यानंच ते जाताना स्वतःच्या हातानं पुसायचं. पुसलं की संपलं. जिन्याच्या खाली काही न्यायचं नाही. हा नियम मी उगाच केलेला नाही. ही माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या घरांत, दुसऱ्यांच्या दारांत उभी असतात. त्यांना जे ऐकावं लागतं ते सगळंच काही मिरवण्यासारखं नसतं. अपमानाचं वाक्य चारचौघांत फळ्यावर लिहायला छाती लागते, बाळा. ती छाती त्यांना होते, कारण डस्टर त्यांच्या हातात असतं.

तू याच खोलीत लहानाची मोठी झालीस. मी शिकवायचे आणि तू खिडकीत बसून रंगवायचीस. एकदा मी तुला तलावावर नेण्याबद्दल 'बघू' म्हणाले, तर तू कमरेवर हात ठेवून मला विचारलंस, मागच्या वेळी पण बघू म्हणालीस, नंतर काय झालं? कधीच नेलं नाहीस. म्हणजे बघू म्हणजे नाही. मी चार जणांना कौतुकानं सांगितलं होतं ते. आपला तो बाब्या, दुसरं काय! मला वाटलं होतं पोरीला शब्दांचा कान आहे. आहेच. कान आहे, जीभ आहे, डोकं तर माझ्या दुप्पट आहे. नसतं तर मला एवढा संताप आलाच नसता. मूर्खाचा राग येत नाही गं, कीव येते.

'शब्दताई' या नावानं तू टाकतेस ते व्हिडिओ मी पहिल्यापासून बघते हे तुला माहीत आहे. शेजारच्या काकू जिन्यात थांबवून सांगतात, तुमच्या शब्दताईमुळे आमच्या सुनेचं इंग्रजी सुधारलं. मी वरवर 'छे हो, काहीतरीच' म्हणते आणि घरी येऊन तोच व्हिडिओ परत लावते. तू शब्द कुठल्या तोंडातून आलाय ते दाखवतेस, हे मला आवडायचं. माझीच पद्धत, पण माझ्यापेक्षा चटपटीत. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पद्धत कुणाच्या बापाची नसते, वापर हवी तेवढी.

पण मागच्या सुट्टीत तू आलीस, म्हणालीस, आई, मी वर्गात मागं बसू का, आणि मी वेडी हुरळून गेले. लोकांनी तुला चांगली खुर्ची दिली. टिकाऊ अशी ती एकच आहे. आणि त्या संध्याकाळी आजीवाली वाक्य घेऊन आली होती.

तिला आम्ही सगळे आजीवाली म्हणतो, कारण ती एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. सांभाळायची, असं आता म्हणायला हवं. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. त्या आजींबद्दल ती बोलायला लागली की तिला थांबवणं कठीण. आजी सेल काढलेला रेडिओ कानाला लावून बसतात आणि मधेच हिला म्हणतात, ऐक, आता चांगलं लागलंय. आणि ही शेजारी बसून खरोखर ऐकते. हे तिनं त्याच संध्याकाळी, तुझ्यासमोर, वर्गात सांगितलं तेव्हा कुणी हसलं नव्हतं. कुरियरवाल्यानं विचारलं होतं, मग काय लागलेलं असतं? ती म्हणाली, त्यांच्या तोंडावरून कळतं.

त्या दिवशीचं तिचं वाक्य होतं 'यू आर लाइक फॅमिली टु अस'. कोण म्हणालं, आजींची सून, म्हणजे हिच्या मालकीणबाई. कुणाला, मला. नंतर काय झालं, रविवारची सुट्टी गेली. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. हे वाक्य त्या बाई एरवी कधी म्हणत नाहीत. आजी पडल्या तेव्हा ही दोन दिवस घरी गेली नव्हती, तेव्हाही म्हणाल्या नाहीत. काही जादा मागायचं असलं की आधी हे वाक्य येतं, आणि ते आलं की मी मनातल्या मनात घरी निघायची पिशवी खाली ठेवते, असं ती म्हणाली. त्या घरात तिचा जीव गुंतलेला होता आणि 'लाइक' म्हणजे नुसतं 'सारखी', हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मग तिनं पदरानं नाही, डस्टरनं, नीट खालपासून वरपर्यंत फळा पुसला. तू बघत होतीस. तिनं फळा पुसला, पण तू मनातून काही पुसलं नाहीस.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मी लिहिणार, कारण तुला ते तुझ्या बाजूनंच माहीत आहे. तू व्हिडिओ केलास. अंगात ॲप्रन चढवलास, केस चपटे केलेस, आणि आजीवालीसारखं 'फ्यामिली' म्हणालीस. तिच्यासारखी पिशवी खाली ठेवलीस. एवढ्यावर थांबली असतीस तरी मी तुला फोनवर चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण तुला हशा हवा होता. म्हणून तू दुसरी खुर्ची ओढलीस, त्या आजी झालीस, आणि बंद रेडिओ कानाला लावून मान डोलवलीस. लोक म्हणे हसून हसून लोळले. मी नाही हसले. मी ते बाबांना दाखवलं, तर तेही हसायला लागले, मग माझं तोंड बघून थांबले.

आता जगात बंद रेडिओ ऐकणाऱ्या म्हाताऱ्या काही गल्लोगल्ली नाहीत. मालकीणबाईंच्या ऑफिसात कुणीतरी तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. त्याही त्या घोळक्यात होत्या. आपल्या सासूला लोक हसताहेत आणि आपल्यालाही, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. मला त्या बाईंबद्दल फार प्रेम आहे असं नाही, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही पेटले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीवाली नेहमीसारखी गेली. तिला दारातच थांबवलं, चपलाही काढू दिल्या नाहीत. आतून आजी हाका मारत होत्या. मालकीणबाई एकच वाक्य म्हणाल्या, 'वुई ट्रस्टेड यू', आणि दार लावलं. आजीवालीनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, बाई, या वाक्यातलं एक अक्षरही मला कुणाला विचारावं लागलं नाही.

तिला सुचलंच नाही गं, की सांगावं, मी बाहेर कुठं बोलले नाही, मी वर्गात बोलले होते. नंतर मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कुठला वर्ग, कोण बाई. तुमचं नाव कशाला मधे आणायचं? ऐकलंस? तुझ्या आईचं नाव सांभाळण्यासाठी ती तोंड मिटून खाली उतरली. आणि तिच्या कामात पुढचं घर आधीच्या घराला फोन करून विचारतं, बाई कशी आहे. हात स्वच्छ आहेत का, आणि घरातलं घरात ठेवते का. तेव्हापासून ती तीन घरी जाऊन आली. तिन्ही ठिकाणी आधी हसून बोलले आणि मग कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय, हे मराठीत तरी तुला सांगायला नको.

मग मी तुला फोन केला. तेव्हा मी अजून शांत होते, आठवतंय? तू म्हणालीस, आई, मी नाव कुठं घेतलंय? आणि व्हिडिओखाली एक ओळ टाकलीस, पात्रं काल्पनिक आहेत. काल्पनिक! जा, तिच्या दारात जाऊन सांग, बाई गं, तू काल्पनिक आहेस, तेव्हा तुला भूकही काल्पनिकच लागत असणार, घोटभर काल्पनिक पाणी पी आणि झोप. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी म्हटलं, निदान तिची माफी माग. तू म्हणालीस, हो गं, मागते. आणि मागितलीस. तो मेसेज तिनं मला दाखवला. 'आय ॲम सॉरी इफ यू फेल्ट हर्ट.'

चिमणे, या 'इफ'वर तुझा स्वतःचा व्हिडिओ आहे. मला तो तोंडपाठ आहे. निळा कुर्ता घालून तू समजावलं आहेस, की 'सॉरी'च्या पाठीवर 'इफ' बसला की माफी मागणारा हात झटकून मोकळा होतो आणि दुखणं दुखणाऱ्याच्याच पदरात पडतं. किती सुंदर सांगितलंस! साहेब नोकराला कसं म्हणतो, दुकानदार गिऱ्हाइकाला कसं म्हणतो, सगळं करून दाखवलंस. म्हणजे तुला कळत नव्हतं असं नाही. कळून सवरून तू तिला तेच वाक्य पाठवलंस. कदाचित पटकन, दुसरं काहीतरी करता करता. ते तर आणखी वाईट. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच का? तुझ्या बाबांचं म्हणणं, पोरगी आहे, चुकली, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ देते, पण कुठं जाऊ देऊ तेवढं सांगा.

इकडे वर्गाचं काय झालं तेही ऐक. आजीवाली यायची बंद झाली. बाकीचे आले, पण रिकामे. कुणाला विचारलं तर या आठवड्यात काही ऐकलंच नाही म्हणे. दिवसभर दुसऱ्यांच्या दारात उभी असणारी माणसं, आणि काही ऐकलं नाही! पुढच्या गुरुवारी मी जरा रागावले, तर कुरियरवाल्यानं वाक्य आणलं, 'धिस साइड अप'. खोक्यावर छापलेलं. कोण म्हणालं? खोकं. कुणाला? मला. नंतर काय झालं? मी ती बाजू वर ठेवली. कुणी हसलं नाही. दातांच्या दवाखान्यातल्या पोरीनं 'पुश' आणलं, दारावरचं. मी खडू ठेवला आणि वर्ग लवकर सोडला. इतकी वर्षं लागली त्या लोकांची तोंडं उघडायला. तू ती एका व्हिडिओत बंद करून दाखवलीस. खरोखर दिवे लावलेस.

या गुरुवारी मी ठरवून गेले. म्हटलं, कुणी आणत नाही ना, मी आणते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आय ॲम सॉरी इफ यू फेल्ट हर्ट'. लिहून वळले तर जिन्याकडच्या खुर्चीत आजीवाली बसलेली. कधी आली कळलं नाही. मी मागं हटले नाही. पहिला प्रश्न मीच वाचला आणि मीच उत्तर दिलं, माझी मुलगी. कुणाला म्हणाली? खोलीत सगळे खाली बघायला लागले. मागून आवाज आला, 'मला.' मग मी तिसरा प्रश्न वाचला. नंतर काय झालं? कुरियरवाला म्हणाला, काय व्हायचंय बाई, काही नाही. आणि त्याचं बरोबरच होतं. मी 'काही नाही' लिहायला हात उचलला. शपथ घेऊन सांगते, मला लिहायचंच होतं. मला तुझा अर्थ एकदाचा लावून टाकायचा होता. तर ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, 'थांबा बाई, ते लिहू नका. अजून झालं नसेल, एवढंच.'

मी तिला म्हटलं, तू फार भली आहेस, मी नाही. ती म्हणाली, भली कसली, मला राग आलाय, पण उत्तर आल्याशिवाय अर्थ लावायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत. मग तिनं पिशवी उचलली आणि गेली. म्हणून हे पत्र. तुला रागवायला नव्हे, रागवायचं ते मी तसंही रागावले. तिसऱ्या प्रश्नाखालची जागा मी मोकळी ठेवली आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला भरता येत नाही. गुरुवारी ये. पण वर चढण्याआधी मालकीणबाईंच्या दारात जा. घर कुठलं ते आजीवाली सांगेल, म्हणजे तिच्याशी तुला आधी बोलावंच लागेल. त्यांना सांग, ही बाई बंद खोलीत विश्वासानं बोलली होती आणि ते चोरून बाहेर नेणारी मी. माझं नाव लागलं तर घे, खुशाल घे. तिथं इंग्रजी बोलू नकोस, ॲप्रन घालू नकोस, आणि आतून आजींनी रेडिओ ऐकायला बोलावलं तर बसून ऐक. मग वर्गात ये. ते वाक्य मी फळ्यावर आणलं असलं तरी ते माझं नाही, त्यामुळे मी पुसलेलं नाही. पुढच्या गुरुवारी लिहायला दुसरी जागा नाही, सगळे त्याच्या कडेकडेनं बारीक अक्षरात लिहितील. डस्टर खिडकीत ठेवलंय, तू रंगवत बसायचीस तिथंच.

तुझीच, आणि दुसऱ्या कुणाची होता येत नाही म्हणून आणखीच चिडलेली,
आई